बोंडअळीला ‘सवय’ लागत नाही, वारसा मिळतो

डोमकळी, २८ मे

काल बाबांचा फोन होता. मृग आठ-दहा दिवसांवर आला तरी कपाशीची पाकिटं कुठली आणायची ते ठरत नाहीये. बोलता बोलता ते नेहमीचं वाक्य म्हणाले, "अळीला आता बीटीची सवय झाली पोरी, कोणतंही आण." अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी.

हे वाक्य मी पारावर ऐकलंय, बाजार समितीत ऐकलंय, शेतकरी मेळाव्याच्या स्टेजवरूनही ऐकलंय. अकोल्याला कीटकशास्त्र शिकायला गेले तेव्हा कळलं की ते चूक आहे, आणि ही चूक आपल्याला महागात पडली आहे. सवय म्हटलं की माणूस डोस वाढवतो, औषध बदलतो, दोन औषधं एकाच पंपात ओततो. वारसा म्हटलं की विचारतो, या अळीचे आईबाप कोण होते? हा दुसरा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. म्हणून हा धागा काढते आहे.

आधी मी काय पाहिलं ते सांगते. नोव्हेंबर २०१७, हिंगणघाटजवळचं आमचं वावर. दिवाळी होऊन गेली होती, दुसरी वेचणी तोंडावर होती. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, बोंडं हिरवीगार आणि टणक. बाबा खुशीत होते. मी एक बोंड तोडलं आणि अंगठ्यानं फोडलं. आतल्या कप्प्यात रुई पिवळट-तपकिरी होऊन चिकटलेली, दोन सरक्या रेशमाच्या धाग्यानं एकमेकींना बांधलेल्या, आणि त्यांच्या पोटात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, अंगावर गुलाबी पट्टे असलेली अळी. बोंडाला बाहेरून छिद्र नव्हतं. अंड्यातून निघालेली अळी सुईच्या टोकाएवढी असते, ती आत शिरते आणि मागचं भोक बोंड स्वतःच बुजवून टाकतं. मी दहा बोंडं फोडली. सात किडकी निघाली. बाबा बांधावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

आता मुद्दा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या मातीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की झाड क्राय१एसी नावाचं प्रथिन तयार करतं. अळीनं पान किंवा बोंड खाल्लं की ते तिच्या आतड्यात जातं. पण तिथे नुसतं पोचून ते मारत नाही. त्याला आतड्याच्या भिंतीवर अडकायला खुंटी लागते. कॅडहेरिन नावाचं अळीचं स्वतःचं प्रथिन ही ती खुंटी. विष खुंटीला अडकलं की पुढे भिंतीला भोकं पडतात आणि अळी मरते. ज्या अळीची खुंटीच मोडकी, तिच्या आतड्यातून तेच विष सरळ निघून जातं.

मोडकी खुंटी अळीनं बीटी खाऊन तयार केलेली नसते. जनुकाची नक्कल होताना चुका होतच असतात. बीटी कपाशी यायच्या आधीपासून हजारो पतंगांत एखाद-दुसरा असा मोडका वारसा बाळगून होता. तेव्हा त्याचा त्यांना काही फायदा नव्हता.

प्रत्येक अळीला हे जनुक दोनदा मिळतं, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही मोडकी असली तरच ती वाचते. एक जरी धड असलं तरी आतड्यावर पुरेशा खुंट्या तयार होतात आणि विष आपलं काम करतं. शाळेत ज्याला अप्रभावी गुण म्हणतात तो हाच.

हिशेबासाठी एक आकडा धरू. समजा हजारात एक जनुक मोडकं आहे आणि परिसरात एक कोटी अळ्या आहेत. दोन्ही जनुकं मोडकी असलेल्या अळ्या किती? दहा. आणि एक मोडकं, एक धड असलेल्या? जवळजवळ वीस हजार. मोडका वारसा मुख्यतः या वीस हजारांच्या पोटात दडलेला असतो, आणि त्या बीटीवर मरतात. हा वीस हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

सगळं रान बीटीचं असेल तर एक कोटीतून त्या दहाच उरतात. दहांचे पतंग होतात आणि त्यांना सोयरीक करायला फक्त एकमेकांचंच घर असतं. दोन्हीकडून मोडकं, त्यामुळे प्रत्येक पोर मोडक्या खुंटीचं. एक मादी शे-दीडशे अंडी सहज घालते. पुढच्या पिढीला बीटी म्हणजे साधी कपाशी.

आता त्याच रानात पाचवा हिस्सा साधी कपाशी ठेवा. तिथल्या वीस लाख अळ्यांना बीटी लागतच नाही. पाऊस, पाखरं, रोगराई यांत बऱ्याच मरतील, तरी लाखोंनी पतंग होतील आणि त्यांतले जवळजवळ सगळे धड खुंटीचे. बीटीच्या बाजूनं वाचलेले आठ पतंग या गर्दीत उडाले की त्यांना जोडीदार मिळणार तो धड खुंटीचाच. पोरांकडे एक मोडकं, एक धड. ती बीटीवर मरतात.

बीटीसोबत साध्या कपाशीच्या ज्या ‘रेफ्युजी’ ओळी लावायला सांगायचे, त्यांचं कारण एवढंच आहे. त्या ओळी म्हणजे धड वारशाच्या पतंगांचं गोकुळ. ते आपल्याला जिवंत हवे असतात, कारण मोडक्या वारशाला सोयरीक त्यांच्याकडूनच मिळायला हवी.


वावरातला, २८ मे

ताई, लय मुद्द्याचं लिवलं. मी राळेगाव तालुक्यातला, सोळा एकर कापूस. खरं सांगतो, आमी ते रेफ्युजीचं छोटं पाकीट बांधावर फेकून देत होतो. लावलं तं निम्मी सरकी उगवे नाही, अन् उगवली ती पऱ्हाटी बाकीच्याहून ठेंगणी. दुकानदारानंबी कधी सांगतलं नाही ते कायले असते. मले वाटे, फुकटात देऊन राह्यले म्हंजे असंच काही असन.

पण एक गोष्ट अडते. दोन जीनवालं बीटी आलं होतं ना? दोन विषं होती तं एक मोडली तरी दुसरी मारायले पाह्यजे होती.


डोमकळी, २८ मे

दादा, पाकीट फेकल्याचं मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. आमच्या घरीही ते पाकीट वर्षानुवर्षं खुंटाळ्याला टांगून सडलं. साडेचारशे ग्रॅम बीटीसोबत एकशे वीस ग्रॅम साधं बियाणं, आणि ते भोवतीनं पाच ओळींत किंवा वीस टक्के रानात लावायचं, असा नियम होता. पण त्या ओळीत उत्पन्न कमी, फवारणी जास्त, आणि फायदा दिसणार तो साऱ्या शिवाराला, तोही पाच-दहा वर्षांनी. दोन-चार एकरवाल्यानं एकट्यानं हा भार का उचलावा, याचं उत्तर धोरणात कुठेच नव्हतं. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. न उगवणारं बियाणं पाकिटात भरणाऱ्याला मात्र देईन.

दोन जीनचा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. दुसऱ्या विषाची, म्हणजे क्राय२एबीची, खुंटी वेगळी असते. तिच्या बिघाडाचा संबंध एबीसीए२ नावाच्या दुसऱ्याच जनुकाशी आहे. त्यामुळे एकाच अळीत दोन्ही बिघाड जुळून येण्याची शक्यता फारच कमी. दहा लाखांत एक, आणि त्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग करा. दोन विषं एकाच दिवशी, कोऱ्या पाटीवर आली असती तर हा किल्ला पुष्कळ वर्षं टिकला असता.

आपल्याकडे झालं ते असं. एका विषाच्या बीटीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच्या आधीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी हजारो एकरांवर उभी होती. दोन विषांचं बीटी २००६ ला आलं, पण एक विषाचं बाजारातून उठलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी पेरली जात राहिली. अळीसाठी हा जिनाच झाला. पहिल्या पायरीवर पहिली खुंटी मोडून घ्यायची आणि मग दुसऱ्या पायरीवर चढायचं. २००८ च्या हंगामात गुजरातेतल्या अमरेली आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या अळ्या क्राय१एसीला जुमानेनात, आणि मार्च २०१० मध्ये बीटी आणणाऱ्या मॉन्सॅन्टो कंपनीनं ते स्वतः जाहीर केलं. म्हणजे दोन विषांच्या पाकिटात गुलाबी अळीपुरतं खरं तर एकच विष उरलं होतं. २०१४ नंतर तेही ढासळू लागलं, आणि २०१७ ला आपण भरडले गेलो.


फळा-खडू, २९ मे

धागा वाचून राहवलं नाही. मी दहावीला विज्ञान शिकवतो, आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी वाटाण्यावरून घेतो. यंदा सरकीवरून घ्यायचा विचार आहे, पण त्याआधी एक शंका.

आपल्याकडची पाकिटं संकरित, म्हणजे पहिल्या पिढीच्या संकराची. बीटी जनुक जर आईबापांपैकी एकाच वाणात असेल, तर पेरलेल्या झाडाकडे ते दोनातल्या एकाच जागी असणार. मग त्या झाडाच्या बोंडातल्या सरकीत वाटाण्याचा तीनास एक नियम लागू व्हायला हवा. चारातल्या एका सरकीत बीटी नसेलच! आणि दोन जनुकं असतील तर सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही, तीनांत फक्त पहिलं, तीनांत फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. मी बरोबर बोलतोय ना? कारण हे खरं असेल तर एकाच बोंडात चार प्रकारचं जेवण वाढलेलं आहे.


डोमकळी, २९ मे

सर, अगदी बरोबर, आणि मला वाटतं साऱ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे. तुमच्या मुलांना हे नक्की शिकवा.

हिरवी बोंडअळी पान, पाती (म्हणजे कळ्या), फूल, बोंड सगळं कुरतडते. गुलाबी अळीचा जीव सरकीत. बोंडाची साल झाडाच्या स्वतःच्या पेशींची, तिच्यात विष असतंच. पण सरकीच्या आतला गर ही पुढची पिढी. तिथे तुमचा नऊ-तीन-तीन-एकचा हिशेब चालतो. अळी एका सरकीतून दुसरीत जाते. कुठे दोन विषं, कुठे एक, कुठे काहीच नाही. त्यात शंभर-एकशेदहा दिवसांनंतर झाडातलं क्राय१एसीचं प्रमाणच उतरायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच गुलाबी अळी जोरात असते.

आता तो वीस हजारांचा आकडा आठवा. एक मोडकं, एक धड जनुक असलेल्या अळ्या. डोस पूर्ण असेल तर त्या मरतात, म्हणूनच रेफ्युजीचं गणित चालतं. डोस अर्धामुर्धा झाला की त्यांतल्या काही वाचू लागतात. मग वारसा दहांच्या हातून नाही, हजारोंच्या हातून पुढे जातो. कागदावर जो गुण अप्रभावी होता, तो वावरात अर्धाअधिक प्रभावी होऊन बसतो. अळी तीच, जनुक तेच, फक्त ताटातलं विष कमी झालं.

बीटी कपाशी जगात अनेक देश लावतात, पण बहुतेक ठिकाणी सरळ वाण असतात, ज्यांच्या प्रत्येक सरकीत विष असतं. इतक्या प्रचंड क्षेत्रावर संकरित, सहा-सहा महिने उभी राहणारी बीटी कपाशी लावणारे आपणच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला होता.


खानदेशी कापूस, ३० मे

माहिती चांगली आहे, पण दोन गोष्टी बोलायच्या आहेत. आम्ही जळगावकडचे, ठिबकवर मे महिन्यातच कपाशी लावणारे.

एक, आम्हाला रेफ्युजी म्हणून तुरीचं पाकीट मिळालं होतं. आम्ही इमानदारीत भोवताली तूर लावली. तरी अळी आलीच. मग नियम पाळून काय मिळालं?

दोन, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच पऱ्हाटी पाणी देऊन पुढे ठेवणं, घेऊ नका असं दरवर्षी सांगतात. विहिरीला पाणी आहे, जानेवारीत दोन पाणी दिली की एकरी दोन-तीन क्विंटल जास्त निघतो. पोरीच्या लग्नाचा खर्च त्यातून निघतो. पऱ्हाटी उपटून टाका म्हणणं सोपं आहे हो.


डोमकळी, ३० मे

दादा, तुमचा राग रास्त आहे. तुरीबद्दल आधी.

हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, मका, ज्वारी, सगळं खाते. तिच्यासाठी सारं शिवारच रेफ्युजी आहे. म्हणून बीटीपुढे तिची धड वारशाची पैदास चालू राहिली, आणि दोन विषांचं बीटी आपल्याकडे आजही तिला बऱ्यापैकी आवरतं. गुलाबी अळीचं तसं नाही. तिचं घर कपाशी. क्वचित भेंडी, अंबाडी अशा भाऊबंदांवर सापडते, पण संसार कपाशीवरच. तुरीच्या ओळीत गुलाबी अळीचा एकही पतंग तयार होत नाही. म्हणजे तुम्ही इमानदारीनं जी रेफ्युजी लावलीत ती तिच्यापुरती रिकामी धर्मशाळा होती. ही चूक तुमची नव्हे, पाकिटात तूर चालेल असं ठरवणाऱ्यांची आहे, आणि मला तिचा आजही संताप येतो. एका किडीचा उपाय दुसरीला लावून दिला.

मे महिन्यातल्या लागवडीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं बोलू शकत नाही. गेल्या हंगामातल्या अळ्या सरकीत, पऱ्हाटीला राहिलेल्या वाळक्या बोंडांत, मातीत सुप्तावस्थेत असतात. मे-जूनमध्ये त्यांचे पतंग निघतात. तेव्हा रानात पाती-फुलं नसतील तर ते अंडी घालायला जागा न मिळता मरून जातात. तुमच्या ठिबकवरच्या मे कपाशीला नेमकी त्यांच्या स्वागताला फुलं येतात. १ जूनच्या आधी बियाणं विकायचं नाही, हा नियम त्यासाठीच आला होता.

आणि फरदड. पैसा खरा आहे, नाकारत नाही. पण या अळीची पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. डिसेंबरात रान मोकळं केलं तर हंगामात चार पिढ्या, मार्चपर्यंत ओढलं तर सहा. प्रत्येक पिढी म्हणजे मोडक्या वारशाची आणखी एक चाळणी. तुमच्या फरदडीतला पतंग पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या पात्यांवर अंडी घालतो. विहिरीचं पाणी हरभऱ्याला किंवा गव्हाला दिलं तर किती सुटेल, हा हिशेब इथे मांडाल का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.


खानदेशी कापूस, ३० मे

तुरीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दहा वर्षं लावतोय.

हरभऱ्याचा हिशेब बसून लिहितो. भाव धरला तर फरक फार नाही, पण हरभऱ्याला मजूर आणि मळणी येते. फरदडीला फक्त पाणी सोडायचं असतं. खरा फरक तो आहे.


रानवाट, १ जून

मी बारा वर्षं बीटी लावत नाही. देशी कपाशी आणि आंतरपीक. हा सगळा खेळ बियाणं कंपन्यांचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. एक विष मोडलं की दुसरं विकायचं, ते मोडलं की तिसरं. शेतकऱ्याला परावलंबी ठेवायचं. जनुकांची गणितं ऐकवून मूळ प्रश्न झाकू नका.


डोमकळी, १ जून

पैसा कोणी कमावला आणि जोखीम कोणाच्या गळ्यात पडली, यावर आपलं एकमत आहे. पण गणित बाजूला ठेवलं तर एक गोष्ट सुटते. हीच अळी, हेच जनुक, आणि तीन देशांत तीन वेगळे निकाल.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तिथल्या अळ्यांतही मोडकं कॅडहेरिन सापडलं होतं, अगदी सुरुवातीलाच. पण तिथे शेतकऱ्यांनी रेफ्युजी खरोखर लावली, आणि ॲरिझोना विद्यापीठाच्या ब्रूस टॅबॅश्निक यांच्या गटानं वर्षानुवर्षं अळ्या गोळा करून त्यांच्यावर नजर ठेवली. २००६ पासून विमानातून अब्जावधी नपुंसक केलेले पतंग सोडले. म्हणजे सोयरिकीला स्थळं भरपूर, पण अंडी फुटणार नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे गुलाबी बोंडअळीचं समूळ उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. बीटी, रेफ्युजी, नपुंसक पतंग, पऱ्हाटी नांगरून गाडणं, हे सगळं मिळून.

चीनची गोष्ट आणखी जवळची वाटते, कारण तिथलेही शेतकरी छोटे. यांगत्सी नदीच्या खोऱ्यात क्राय१एसीविरुद्धचा वारसा वाढत चालला होता. तिथे रेफ्युजीची सक्ती नव्हती. पण बीटी आणि साधी कपाशी यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं शेतकरी मोठ्या प्रमाणावर पेरू लागले. त्यात फळा-खडू सरांचा तीनास एकचा नियम झाडांना लागतो, चारातलं एक झाड साधं. कोणी न ठरवताच रानभर पंचवीस टक्के रेफ्युजी उगवली आणि मोडका वारसा मागे हटला. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मी तो वाचला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे तो नियम झाडांना लागला असता तर बरं झालं असतं. तो लागला सरकीला, बोंडाच्या आत.

आपल्याकडच्या अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकाची आठ निरनिराळी मोडकी रूपं सापडली आहेत. एकाच घराण्यातून पसरलेला हा वारसा नाही, ठिकठिकाणी वेगवेगळे मोडके वारसे एकाच वेळी वर आले. एखादी कंपनी ठरवून हे घडवू शकत नाही. हे सगळं शिवार एकाच पिकानं, एकाच विषानं, सहा महिने झाकल्यामुळे झालं. कंपन्यांची, सरकारची जबाबदारी आहेच, ती या झाकण्यातली.

देशी कपाशी लवकर निघते, म्हणून अळीच्या उशिराच्या पिढ्यांतून सुटते, हे मला पटतं. कमी दिवसांचे सरळ वाण दाट पेरायचे, हा उपाय नागपूरची संस्थाही सुचवते. त्यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन.


जिनवाला, ३ जून

मी जिनिंगमध्ये मुनीम आहे, शेती नाही. पण तुमच्या गोष्टीचा एक तुकडा आमच्या अंगणात आहे, कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

भाव वाढेल या आशेनं लोक कापूस घरात एप्रिल-मेपर्यंत ठेवतात. तो आमच्याकडे येतो तेव्हा सरकीबरोबर अळ्याही येतात. गठाण बांधली जाते, सरकीचा ढीग गोदामात पडतो. मी संध्याकाळी दिव्याखाली बसतो तर भिंतीवर अळ्या चढत असतात, आणि मेच्या शेवटी राखाडी-तपकिरी बारीक पतंग दिव्याभोवती. आमच्या आवारात कृषी विभागानं कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावायला सांगितले होते. पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी पिशवी रिकामी करावी लागली. आमच्या कुंपणापलीकडे लगेच कपाशीचं वावर आहे. त्या शेतकऱ्याला दरवर्षी सगळ्यांच्या आधी डोमकळ्या दिसतात. तो म्हणतो माझं नशीब फुटकं. मी आता त्याला हा धागा वाचून दाखवणार आहे.


डोमकळी, ३ जून

काका, हे वाचून अंगावर काटा आला. दहा-वीस गावांचे वारसे तुमच्या आवारात एकत्र येतात आणि तिथून एकाच वावरात उतरतात. सापळे हंगाम संपेपर्यंत ठेवा, सरकी पावसाआधी हलवता आली तर मालकांना सांगून पाहा.

नवीन वाचकांसाठी: डोमकळी म्हणजे पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेलं, गुलाबकळीसारखं दिसणारं फूल. आत अळी असते. दिसली की तोडायची आणि चिरडायची, बांधावर टाकायची नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.


वावरातला, ५ जून

ताई, यंदा काय करू ते सरळ सांगा. बीटी लावू का नाही? अन् रेफ्युजी लावून आता उपयोग हाये का, का वेळ गेली?


डोमकळी, ५ जून

दादा, बीटी लावा, पण ती गुलाबी अळीसाठी नाही, हिरव्या आणि ठिपक्यांच्या अळीसाठी आहे असं धरूनच. गुलाबीसाठी ती साधी कपाशी समजा. आता साधं बियाणं बीटीच्याच पिशवीत मिसळलेलं मिळतं, त्यामुळे वेगळं पाकीट फेकायचा प्रश्न उरला नाही. मोडक्या खुंटीच्या अळीला बीटी नसलेल्या कपाशीवर थोडा तोटा होतो, असं अ‍ॅरिझोनात दिसलं होतं. पण वारसा शिवारभर पसरल्यावर चार ओळींनी तो लगेच फिरेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

लवकर निघणारा वाण घ्या. पऱ्हाटी दीड महिन्याची झाली की एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री आठ-दहा पतंग पडले की सावध व्हा. त्यानंतर दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं, रानाच्या वेगवेगळ्या भागांतून, फोडून बघा. दोनांत अळी म्हणजे दहा टक्के, तेव्हाच फवारणी. आणि डिसेंबरात रान मोकळं.


वावरातला, ११ ऑक्टोबर

ताई, आठवण हाये का? तुमी सांगतलं तसं आज सकाळी वीस बोंडं फोडली. बायको अन् पोरगा संग होते. पोरगा दहावीत हाये, त्यानं वहीत लिवून घेतलं. बीटीच्या बोंडात दोन अळ्या. मंग पोरानं मिसळीतली साधी झाडं वळखायचा प्रयत्न केला, पण वरून काही समजत नाही. एका बोंडातल्या जोडसरक्या त्यानं डबीत ठेवल्या, सरले दाखवतो म्हणते.

दोन म्हंजे दहा टक्के. फवारा मारू ना?


डोमकळी, ११ ऑक्टोबर

हो दादा, मारा. विद्यापीठाच्या शिफारशीतलं एकच औषध, दोन मिसळू नका. फवारणीला कोण जाणार आहे? २०१७ ला तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी आता डोक्याएवढी असेल, औषध तोंडावर येतं. सकाळी, वाऱ्याच्या दिशेनं, हातमोजे आणि मास्क लावूनच. नुसतं फडकं बांधून नाही.


वावरातला, १२ ऑक्टोबर

मीच मारतो, मजुराले सांगतलं नाही. काल राळेगावातून मास्क, हातमोजे अन् चष्मा आणला. पोराले बांधावर बी येऊ देत नाही. पुढच्या शनवारी परत वीस बोंडं फोडतो, आकडा इथंच लिवतो.